वास येत नाही

माझी मोटारसायकल माझ्या नोकरीएवढी जुनी आहे. बोईसरच्या कारखान्यात कायम झालो त्या वर्षी घेतली, आणि आता मी निवृत्तीला आठ महिन्यांवर आलो तरी ती आहे. टू-स्ट्रोक गाडी. म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून घालायचं, मागे निळा धूर सोडायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या शिव्या खायच्या. रोज पहाटे ती मला आमच्या माहीम गावाहून पालघरला नेते, तिथून पुढे कारखान्याची बस असते. ह्या दिवाळीनंतर तिने मान टाकली. चालू झाली, दोनशे पावलं गेली, दोनदा खोकली आणि बंद.

ह्या वयात बंद गाडी ढकलत घरी आणणं म्हणजे काय, ते ज्याने ढकलली आहे त्यालाच कळेल. आधी कंबर बोलते, मग गुडघे बोलतात, मग शेजारी बोलतात. "विकून टाका आता" असं सांगणारे तिघे त्या दोनशे पावलांतच भेटले. मी कुणालाच उत्तर दिलं नाही, कारण दम लागला होता.

पण गाडीचं सांगायच्या आधी दुसरी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. मला वास येत नाही. दोन वर्षं झाली. कसलाच येत नाही.

कळलं तेही गमतीशीर रीतीने. आमची बस बोईसर ओलांडून कारखान्यांकडे वळली की नवा माणूस खिडकी लावून घेतो आणि जुना माणूस नुसता डोळे मिटतो. त्या वळणावरचा वास म्हणजे आमच्या हजेरीची घंटा. एका सकाळी वळण आलं, गेलं, आणि मला काहीच जाणवलं नाही. मी शेजारच्याला म्हणालो, "आज सगळे कारखाने बंद दिसतात." तो नाकाला रुमाल लावून माझ्याकडे बघत राहिला.

कशाने गेला ते ठाऊक नाही. मध्यंतरी सगळ्यांना आला तो ताप मलाही आला होता, त्याने गेला असेल. चौतीस वर्षांच्या नोकरीने गेला असेल. डॉक्टरकडे गेलो नाही. गेलो असतो तर कागदावर आलं असतं, आणि कागदावर आलं असतं तर कारखान्यात कळलं असतं. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. माझं नाक गेलं आणि तोंडही बंद झालं.

लपवण्याचं कारण साधं होतं. आमच्या कामात नाक हे हत्यार आहे. दर दोन तासांनी प्लांटमधून एक फेरी मारायची. हातात तक्ता, त्यावर तीन गोष्टी तपासायच्या: गळती, आवाज, वास. पहिल्या दोन ठिकाणी मी खूण करायचो, पण वासापुढच्या शेऱ्याच्या रकान्यात सुरुवातीपासून मराठीत लिहायची माझी सवय, आणि कुणी कधी हरकत घेतली नाही. मी लिहायचो, "वास येत नाही." दोन वर्षं, प्रत्येक फेरीला लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. मराठी भाषेची ती सोय आहे, आणि मी ती पुरेपूर वापरली.

सांगितलं असतं तर प्लांटवरून काढून कुठल्या तरी खुर्चीवर बसवलं असतं, नाहीतर मुदतीआधीच हातात नारळ दिला असता. मला दोन्ही नको होतं. चौतीस वर्षं नाकासमोर चाललेल्या माणसाला नाकच नाही म्हणून घरी पाठवलं, असं गावात व्हायला नको होतं.

आणि मग श्रावणात ती गोष्ट घडली. फेरीला माझ्याबरोबर एक कंत्राटी कामगार असतो, गोरखपूरकडचा, माझ्याहून चारपाच वर्षांनी लहान. एका पंपाजवळ तो थांबला आणि म्हणाला, "साहब, यहाँ कुछ महक रहा है." मी पंपाजवळ गेलो, वाकलो, वास घेतल्यासारखं केलं. "नाली का होगा," मी म्हणालो, आणि तक्त्यावर लिहिलं, "वास येत नाही." मी जुना माणूस, म्हणून त्याने मानलं आणि तिथेच उभं राहून आपलं काम करत राहिला. अर्ध्या तासाने तो बेसिनपाशी ओकत होता, डोळे लालबुंद. पंपाची पॅकिंग झिजून आतल्या रसायनाची वाफ झिरपत होती. त्याला दवाखान्यात नेलं, संध्याकाळपर्यंत ठेवलं, दुसऱ्या दिवशी तो कामावर आला. आल्याआल्या मला विचारतो, "आप तो ठीक हैं ना साहब? आप भी वहीं खड़े थे."

मला लाज वाटली. हे मी इतक्या दिवसांनी लिहितो आहे, पण तेव्हा मी फक्त मान हलवली आणि चहा घ्यायला गेलो.

तर गाडी. पहिल्या रविवारी मी अंगणात गोणपाट अंथरून बसलो. इंजिनाला आग मिळते का बघितलं. प्लगची ठिणगी चांगली निळी होती. म्हणजे भांडण पेट्रोलचं. टाकीचा कॉक उघडून पाइप काढला, तर धार व्यवस्थित. टाकीतून येतं आणि इंजिनापर्यंत पोचत नाही, तर मध्ये राहिला कोण? कार्बोरेटर. आपल्याकडे कुठल्याही मिस्त्रीला विचारा, गाडी बंद पडली की तो एकच शब्द बोलतो: "कचरा." मीही स्वतःला तेच सांगितलं.

कार्बोरेटर उघडला. खालची वाटी काढली, तरंगणारा फ्लोट हलवून पाहिला, जेट काढला. जेट म्हणजे पितळेचा एवढासा खिळा, त्याच्या पोटातून केसाएवढं भोक. त्या भोकातून पेट्रोल गेलं तर गाडी, नाहीतर भंगार. खराट्याची काडी तासून मी ते भोक साफ केलं, तोंडाने फुंकलं, उजेडाकडे धरलं. पलीकडचं नारळाचं झाड दिसलं. सगळे भाग दुकानातून आणलेल्या बाटलीभर पेट्रोलमध्ये धुतले, ओलेच बसवले, वाटीत उरलेलं पेट्रोल ओतलं आणि किक मारली. दुसऱ्या किकला चालू. मला वाटलं, अजून हात शाबूत आहेत. दोनशे पावलांवर ती पुन्हा खोकली.

आठवडाभर मी भल्या पहाटे रिक्षेची वाट बघत रस्त्यावर उभा. सहा माणसांच्या रिक्षेत दहावा म्हणून बसायचं, तेही माशांच्या पाट्यांशेजारी. बायका माझ्याकडे बघून म्हणत, "काका, वास येल हां." मी म्हणायचो, "चालेल." त्यांना मी फार समजूतदार वाटत असेन.

दुसऱ्या रविवारी मी जिद्दीला पेटलो. प्लग नवा घातला. फ्लोटची सुई बदलली. टाकीत गंज असेल, त्याचा कचरा खाली उतरत असेल, असं ठरवून अख्खी टाकी बादलीत रिकामी केली. टाकी हलवून, खडे घालून खळखळून घेतली. बादलीतलं पेट्रोल जुन्या धोतराच्या फडक्यातून तीनदा गाळलं आणि पुन्हा टाकीत भरलं. गाळताना पाइप तोंडाने ओढावा लागला, तर घोटभर तोंडात आलं. थुंकलो, चूळ भरली. चव कळली नाही. नाक गेल्यापासून मला श्रीखंड आणि साबण यांतला फरकही जिभेवरच्या गुळगुळीतपणावरूनच कळतो. पुन्हा धुतलं, बसवलं, वाटीत बाटलीतलं पेट्रोल घातलं, किक मारली. चालू. मी मुद्दाम वळूनही पाहिलं नाही, सरळ रस्त्याला लागलो. ह्या वेळी अडीचशे पावलं.

त्या दुपारी मी अंगणातच बसून राहिलो. बायको दारात आली, गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "जेवून घ्या. ती काय पळून नाय जायची," ती म्हणाली. मी इतका थकलो होतो की हसूही आलं नाही. गाडीने थकवलं होतं असं मी तेव्हा समजत होतो.

तिसऱ्या रविवारी भाजीच्या टेम्पोत घालून गाडी पालघरला नेली. तिथला मिस्त्री माझा शाळेतला सोबती. सफाळ्याकडच्या एका पाड्यावरून तो शिकायला यायचा, आठवीत शाळा सुटली आणि गॅरेजात गेला तो गेलाच. आता ह्या जातीच्या गाड्या उघडणारा आमच्या भागात तोच उरला आहे. त्याचे कान गेले आहेत, ओरडलं तरच थोडं कळतं. गॅरेजच्या दारावर त्याने स्वतःच्या हाताने पाटी रंगवली आहे: "मिस्त्रीला ऐकू येत नाही. गाडीचा आवाज तुम्ही ऐका आणि मोठ्याने सांगा." मी ती पाटी पाचसहा वर्षं बघत होतो आणि प्रत्येक वेळी मला ती विनोदी वाटायची.

मी गाडी स्टँडवर लावली आणि ओरडून सगळं सांगायला लागलो: जेट, सुई, प्लग, फडक्यातून गाळलेली टाकी. त्याने हाताने मला थांबवलं. पाना उचलला नाही, पेचकस उचलला नाही. टाकीचं झाकण उघडलं, वर वाकला आणि एकदा नाकाने ओढलं. मग माझ्याकडे वळला.

"हे कोनी भरलं?"

"मीच."

"डिझेल हाय हे."

मी टाकीत डोकावलो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. पहिल्या दिवशी गाडी चालली ती वाटीत उरलेल्या जुन्या पेट्रोलवर, आणि पुढे दोन्ही रविवारी मी वाटीत ओतलेल्या बाटलीतल्या पेट्रोलवर. ते संपलं, मागून डिझेल आलं आणि ती मेली. मी दोन रविवार डिझेलशी झटत होतो. गाडी जन्मापासून धूर सोडणारी, प्लग जन्मापासून तेलकट, आणि ऑइल मिसळलेल्या पेट्रोलला रंग असतोच, तेव्हा डोळ्यांना काही कळलं नाही. पण झाकण उघडणाऱ्या कुठल्याही माणसाला पहिल्याच क्षणी कळलं असतं.

डिझेल आलं कुठून तेही तिथेच लक्षात आलं. आमच्याकडे कारखान्यातून रिकामे झालेले प्लास्टिकचे निळे कॅन असतात, त्यांना कारबा म्हणतात. बोईसर-तारापूरच्या आसपास कारबा नाही असं घर नाही. आमच्या मांडवात दोन शेजारी शेजारी असतात. एकात माझं ऑइल मिसळलेलं पेट्रोल, दुसऱ्यात वाडीतल्या विहिरीच्या इंजिनाचं डिझेल. दिवाळीच्या साफसफाईत बायकोने ते उचलले, खाली झाडलं आणि ठेवताना उलटसुलट ठेवले. त्यात तिची काही चूक नाही. आमच्या घरात डब्यांवर चिठ्ठ्या नसतात. सुकट कुठली, हिंग कुठला, रॉकेल कुठलं, झाकण उघडलं की कळतं. तिला वाटलं, घरातल्या सगळ्यांना नाक आहे.

"वास नाय आला तुला?" मिस्त्रीने विचारलं.

"सर्दी आहे," मी ओरडलो.

"कवापासून?"

खरं म्हणजे इथे "चार दिवस" म्हणायचं होतं. जिभेवर तयार होतं. पण ओरडून खोटं बोलणं फार अवघड असतं. हळू आवाजात ते सहज निघून जातं. मी दोन बोटं वर केली.

"दोन दिस?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"महिने?"

"वर्षं."

त्याने जास्त विचारलं नाही. माझे दोन्ही हात पुढे ओढले. डाव्या तळव्यावर टाकीतले चार थेंब टाकले, उजव्यावर त्याच्या बाटलीतलं पेट्रोल. "थांब जरा," म्हणाला. उजवा तळवा गार पडत गेला, आणि बघता बघता कोरडा झाला. डावा तसाच, कोमट, चिकट. "गार लागला तो पेट्रोल," तो म्हणाला. "नाक नाय तर हात हाय. पन लोकांना सांगून ठेव. मी नाय सांगितलं, तवा एक इंजिन गेलं माझ्यामुळं. आतून खडखडत व्हतं, मला कुठं ऐकू येतंय. मी म्हनलो, बेस हाय, जा घेऊन. मनोरच्या पुढं जाम झालं. मग पाटी लावली. अर्धी गिराईकं गेली." तो टाकी सोडवायला वाकला. "इंजिन व्हतं म्हून बरं. मानूस असता तर काय केलं असतं?"

त्याला त्या गोरखपूरवाल्याचं काही ठाऊक नव्हतं. तो आपल्याच इंजिनाबद्दल बोलत होता. मी शेजारच्या टायरवर बसलो.

त्याने टाकी धुतली, कार्बोरेटर पुन्हा उघडून धुतला, पेट्रोल भरलं. चालू केल्यावर पेचकसाचं टोक इंजिनाला लावलं, थरथर हाडातून कळावी म्हणून त्याची मूठ जबड्याला टेकवली आणि मला विचारलं, "कसा हाय आवाज?" मी नीट ऐकलं आणि मोठ्याने सांगितलं, "एकसारखा आहे. मध्ये थोडा चुकतो." त्याने स्क्रू अर्धा फिरवला. "आता?" "आता नाही चुकत." असे आम्ही दोघे, एकाचे कान आणि एकाचं नाक गेलेलं, एका गाडीवर वाकून पंधरा मिनिटं ओरडत होतो. बऱ्याच दिवसांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं होतं ती डिझेलवरून हसेल. ती ओट्यापाशी उभी होती, तशीच राहिली.

"दोन वर्सं?" ती म्हणाली. "मग कालवन मस्त झालंय, मस्त झालंय, ते कोनाला सांगत व्हते तुमी?"

मी गाडीची किल्ली खुंटीला अडकवली.

"मी वाडीत असते, तुमी घरात एकटे. ग्यास उघडा राह्यला असता म्हंजे?" तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. मग ती मांडवात गेली आणि हातात चुन्याची डबी घेऊन दोन्ही कारब्यांवर बोटाने अक्षरं काढली, एकावर पे, एकावर डि. परत आली तेव्हा तिने एवढंच विचारलं, "कारखान्यात ठाव हाय?"

"नाही."

"तितं तरी डब्यांवर चिठ्ठ्या असतील ना?"

"डब्यांवर असतात," मी म्हणालो. ती ज्या तऱ्हेने माझ्याकडे बघत होती, त्यावरून तिला उरलेलं कळलं असावं. कंत्राटी माणसाचं मी तिला त्या रात्री जेवताना सांगितलं. ती जेवायची थांबली आणि माझ्या ताटात काही वाढलं नाही.

सोमवारी पहिली पाळी होती. गाडी पालघरपर्यंत कुरकुर न करता गेली. बस वळणावर आली, लोकांनी रुमाल काढले. फेरीच्या आधी मी त्या गोरखपूरवाल्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "मुझे बास नहीं आती. दो साल से. उस दिन भी नहीं आई थी." त्याने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो बराच वेळ हातमोजे घालत राहिला. मग म्हणाला, "हम तो आपके भरोसे खड़े रहे, साहब." एवढंच. पण फेरीला तो दोन पावलं माझ्या पुढे चालला, प्रत्येक पंपाशी थांबला, वाकला, आणि माझ्याकडे न बघता मान हलवत गेला. कुठे काही नव्हतं.

फेरी संपली. मी तक्ता टेबलावर ठेवला, गळतीपुढे खूण केली, आवाजापुढे खूण केली, आणि हाताने सवयीने लिहून टाकलं, "वास येत नाही." पेन उचललं. पुन्हा टेकवलं. वाक्याच्या आधी जागा फार थोडी होती, म्हणून शब्द जरा तिरका, ओळीच्या वर गेला. खाली सही केली आणि तक्ता पाळीप्रमुखाकडे नेऊन दिला. तो पोरसवदा इंजिनिअर, माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने वरवर पाहिलं, पान उलटायला लागला आणि थांबला.

"काका, 'मला वास येत नाही' असं झालंय इथे. हे 'मला' चुकून पडलं का?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "ते मागच्या पानांवर लिहायचं राहिलंय."